फोलिओट घड्याळ दर दहा-बारा ठोक्यांनी का थांबते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही इंग्लंडमधल्या साल्सबरी कॅथेड्रलच्या घड्याळावरून साधारण एक तृतीयांश मापाचे चालते घड्याळ करायला घेतले. फ्रेम उभी राहिली. मोठ्या चाकाला ८० दात, लँटर्न पिनियनला (दोन चकत्यांमध्ये गोल कांड्या बसवलेले छोटे चाक) ८ कांड्या, त्याच आसावरच्या क्राउन व्हीलला (मुकुटासारखे एका बाजूला दात असलेले चाक) ४५ दात. चाके पाच मिलिमीटरच्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटमधून लेझरने कापून घेतली, दातांचा आकार ऑनलाइन गिअर प्रोग्रामने दिला. आता घड्याळ दहा-बारा ठोके देते आणि थांबते. वजन वाढवले की काही वेळ चालते आणि मग एकदम सुसाट सुटते. बॉल बेअरिंग बसवावे का, की फोलिओट (ठोका ठरवणारी, टोकांना वजने असलेली आडवी झुलती दांडी) काढून पेंडुलमच लावावे, असे तुम्ही विचारता.

दोन्ही करू नका. चूक कुठे आहे ते तुमच्या प्रश्नातच दडलेले आहे.

मी तीसेक वर्षे टूलरूममध्ये काढली आणि त्यातली गेली अकरा वर्षे सुट्टीचा वेळ या एकाच प्रकारच्या घड्याळांना दिला. सध्या चौथे घड्याळ चालू आहे. तुमचा चाकांचा हिशेब तोच माझ्या तिसऱ्या घड्याळाचा, म्हणून आकडे मांडूनच बोलतो.

मोठे चाक तासाला एक फेरी मारते. ८० भागिले ८ म्हणजे दहापट, तेव्हा क्राउन व्हील सहा मिनिटांत एकदा फिरते. त्याचे ४५ दात, म्हणजे एका दाताला ८ सेकंद. प्रत्येक दात दोन ठोके देतो, एक वरच्या पॅलेटवर (फोलिओटच्या उभ्या दांड्यावरचे पाते), एक खालच्या. म्हणून ठोका ४ सेकंदांचा. आता पिनियनकडे बघा. सहा मिनिटांत आठ कांड्या जातात, म्हणजे ४५ सेकंदांत एक. ४५ सेकंदांत ठोके किती? सव्वाअकरा. तुमचे घड्याळ दहा-बारा ठोक्यांनी थांबते. म्हणजे मोठ्या चाकाचा एक दात एका कांडीला सोडतो आणि पुढचा दात पुढच्या कांडीला धरतो, नेमक्या त्या अदलाबदलीच्या वेळी ते अडकते आहे. बेअरिंगचा यात काही संबंध नाही.

खात्री करून घ्या. खडूने मोठ्या चाकाच्या एका दातावर खूण करा, घड्याळ चालवा, आणि थांबल्यावर कांडी दातांच्या मध्ये कुठे बसली आहे ते टॉर्च लावून बघा. असे पाच वेळा करा. कांडी दर वेळी दातांच्या खाचेत एकाच ठिकाणी चिकटलेली दिसली तर निदान पक्के. दर वेळी क्राउन व्हीलचा एकच दात अडत असेल तर तो दात उंच आहे. आणि जागा दर वेळी वेगळी असेल तर पॅलेटकडे वळायचे, त्याचे पुढे सांगतो.

आता कारण. गिअर प्रोग्राम जो दात काढून देतो तो इन्व्होल्यूट असतो, म्हणजे फुगीर वक्र बाजूंचा, आजच्या गिअरबॉक्समधला. तो दुसऱ्या इन्व्होल्यूट दाताशी जमतो. गोल कांडीशी त्याचे जमत नाही. तुमचे मोड्यूल (दाताच्या आकाराचे माप) ३ धरले तर दातांमधले अंतर ९.४२ मिमी, त्यातली रिकामी जागा निम्मी, ४.७१. पण ती फक्त पिच वर्तुळावर (दातांच्या साधारण मध्यातून जाणारे कल्पित वर्तुळ). तिथून खाली, मुळाकडे, इन्व्होल्यूट दात जाड होत जातो आणि खाच निमुळती होते. चार मिलिमीटरची कांडी आत उतरते आणि पाचरीसारखी बसते. वजन वाढवल्यावर ती जोराने ओढून बाहेर काढली जाते, म्हणून थोडा वेळ चालल्यासारखे वाटते.

चौदाव्या शतकातल्या लोहारापुढे इन्व्होल्यूट नव्हते. त्याच्या दाताच्या बाजू सरळ, खाचेचा तळ गोल, आणि टोक कानसीने थोडे उतरवलेले. कांडीला हाच आकार मानवतो. लँटर्न पिनियनची आणखी एक खुबी आहे. ते जेव्हा चालवले जाते, म्हणजे मोठे चाक ढकलते आणि पिनियन फिरते, तेव्हा दाताचा आणि कांडीचा जवळजवळ सगळा संबंध दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेच्या पुढे येतो. तिथे घासणे असते ते निघून जाण्याच्या दिशेने, खुपसण्याच्या दिशेने नाही. हाताने कापलेली, ओबडधोबड दिसणारी ती चाके शतकानुशतके चालली त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

तेव्हा चाक टाकून देऊ नका. व्हाइसमध्ये धरा, चार मिलिमीटरच्या वर जाईल अशी गोल कानस घ्या आणि प्रत्येक खाच पिच वर्तुळाच्या खाली समांतर करत न्या, इंग्रजी यू अक्षरासारखी. साडेचार मिलिमीटरचा ड्रिल बिट उलटा धरून त्याची शँक मापाला वापरा. ती तळापर्यंत अडखळल्याशिवाय गेली पाहिजे. मग सपाट कानसीने टोकाच्या दोन्ही बाजू किंचित उतरवा. लेझरने कापलेल्या कडेला एक कडक, खरखरीत थर असतो. तोही यात निघून जाईल, आणि तो निघायलाच हवा. पहिले दहा दात करायला तुम्हाला एक संध्याकाळ लागेल, शेवटचे तीस एका संध्याकाळीत होतील.

पुढचे चाक हाताने आखणार असाल तर एक सांगून ठेवतो. डिव्हायडरची दोन टोके ९.४२ वर धरून वर्तुळावर ८० पावले टाकत जाऊ नका. टोकांच्या अंतरात मिलिमीटरचा दहावा भाग चुकला तरी ८० पावलांनंतर चूक ८ मिलिमीटरची होते, जवळजवळ एक अख्खा दात. आधी वर्तुळाचे पाच भाग करा, मग प्रत्येक भाग अर्धा, पुन्हा अर्धा, असे चार वेळा. ८० येतात आणि चूक कुठेच साचत नाही. ४५ साठी पाच भाग, मग प्रत्येकाचे तीन, पुन्हा तीन. माझ्या पहिल्या चाकात शेवटचा दात इतका बारीक उरला होता की तो कापून तिथे पट्टीचा तुकडा रिव्हेट करावा लागला.

आता बेअरिंगचा हिशेब, कारण हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. माझ्या घड्याळात ४.५ किलोचे वजन ५० मिमीच्या ढोलावर लटकते. मोठ्या चाकाच्या आसाचे टोक १० मिमी जाडीचे. पोलाद पितळेच्या बुशमध्ये (आसाचे टोक फिरते ती नळी), थोडे तेल. या टोकांवर जोराचा जो भाग वाया जातो तो तीन टक्क्यांच्या आसपास, क्राउन व्हीलच्या आसावर आणखी तेवढाच. बॉल बेअरिंगने तुम्ही फार तर हे सहा टक्के वाचवाल. गणिताने मला ३ किलो पुरायला हवे होते, प्रत्यक्षात साडेचार लागले. वरचा दीड किलो बहुतांश पॅलेटवर खर्च होतो, जिथे दात पात्यावरून घसरत जातो. म्हणून मेहनत तिथे करा. पॅलेट कडक करा, तेलदगडावर सपाट घासा, मग आरशासारखे पॉलिश करा, आणि पॅलेटवर तेलाचा एक थेंब द्या. दात आणि कांड्या कोरड्या ठेवा. तिथे तेल गेले की धूळ धरते आणि कानसीसारखे काम करते.

फोलिओट म्हणजे काय हे मनात पक्के बसले की बाकीच्या चुका आपोआप दिसू लागतात, म्हणून इथे थोडा थांबतो.

पेंडुलमला स्वतःची लय असते. गुरुत्वाकर्षण त्याला मध्याकडे परत ओढते, आणि लांबी ठरली की ठोका ठरला. डच शास्त्रज्ञ ह्युजेन्सने १६५६ मध्ये हे घड्याळाला जोडले आणि पुढच्या काही दशकांत युरोपातली जुनी मनोऱ्यांची घड्याळे धडाधड पेंडुलमवर नेली गेली. साल्सबरीचेही नेले गेले. आज तिथे दिसणारे व्हर्ज (दोन्ही पॅलेट ज्यावर असतात तो उभा दांडा) आणि फोलिओट १९५६ च्या दुरुस्तीत पुन्हा बनवून बसवलेले आहे. मूळ फोलिओट टिकलेले पाहायचे असेल तर लंडनच्या सायन्स म्युझियममधले डोव्हर किल्ल्याचे घड्याळ आहे, पण ते आता सुमारे १६०० चे मानतात. साल्सबरीचे १३८६ हे साल एका दस्तऐवजावरून येते, त्यात घड्याळाची देखभाल करणाऱ्याच्या घराचा उल्लेख आहे. आज उभे असलेले यंत्र तेच की नंतरचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रतिकृती करणाऱ्याने हे माहीत ठेवावे, कारण आपण कशाची नक्कल करतो आहोत हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणे हाही कामाचा भाग आहे.

फोलिओटला परत ओढणारे काहीच नसते. एक आडवी दांडी, दोन टोकांना दोन वजने. वरचा पॅलेट दाताने ढकलला की दांडी एका बाजूला झुलते, मग खालच्या पॅलेटवर समोरचा दात आदळतो, दांडीचा झोक त्या दाताला आणि त्याबरोबर अख्ख्या चाकाला थोडे मागे रेटतो, दांडी थांबते, उलटी फिरते. क्राउन व्हीलचा आस आडवा असल्याने त्याचे वरचे आणि खालचे दात विरुद्ध दिशांना जात असतात, त्यामुळे एकच चाक दोन्ही बाजूंना ढकलू शकते. दातांची संख्या विषम का, तेही यातच आले: वर दात असेल तेव्हा बरोबर समोर खाली खाच हवी. घड्याळासमोर बसून वजनाच्या दोराकडे नीट पाहिलेत तर प्रत्येक ठोक्याला तो किंचित वर उचललेला दिसतो. पहिल्यांदा मला ते दिसले तेव्हा मी दिवा लावून अर्धा तास तिथेच बसलो होतो.

तेव्हा ठोका किती लांब, हे ठरवतात तीन गोष्टी: दांडीचे जडत्व, ढकलणारा जोर, आणि झोक्याचा कोन. ठोक्याचा वेळ जोराच्या वर्गमुळाच्या उलट्या प्रमाणात बदलतो. वजन १० टक्के वाढवले तर घड्याळ सुमारे ५ टक्के जलद, म्हणजे दिवसाला ७० मिनिटांहून अधिक पुढे. एक टक्का, माझ्या घड्याळात ४५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ७ मिनिटे. वजन बदलले म्हणून घड्याळ बदलले तर कळते तरी, पण वाटेतल्या घर्षणात एक टक्का कमी-जास्त झाला तरी परिणाम तोच. त्या काळची घड्याळे दिवसाला पाव तास इकडे-तिकडे होत आणि सूर्यघड्याळावरून रोज लावली जात, त्याचे कारण हेच. तुम्ही सीएनसीवर मायक्रॉनमध्ये चाके कापलीत तरी हा स्वभाव जाणार नाही. जोर दिवसभर एकसारखा पोचेल, एवढेच साधायचे, आणि ते साधले की हे घड्याळ आश्चर्य वाटावे इतके नीट चालते.

याचा मला बसलेला फटका सांगतो. तिसरे घड्याळ चालू झाले तेव्हा दर वेळी चावी दिल्यावर पहिले दोन-अडीच तास ते तासाला पाच मिनिटे पुढे पळायचे, मग आपोआप ताळ्यावर यायचे. तेल बदलले, पॅलेट पुन्हा घासले, आठवडाभर पंखा बंद ठेवून बघितले. शेवटी एका सकाळी दोर गुंडाळताना बोटाला उंचवटा लागला. ढोल ५५ मिमी लांबीचा, दोर ६ मिमीचा, म्हणजे एका थरात नऊ वेढे. दोन मीटर पडायला लागतात अकराच्या वर. शेवटचे सव्वादोन वेढे पहिल्या थरावर चढत होते. तिथे ढोलाचा परिणामी व्यास ५६ चा ६६ होतो, जोर १८ टक्के वाढतो, घड्याळ ९ टक्के पळते. तासाला पाच मिनिटे, तंतोतंत. ढोल ७५ मिमी लांबीचा केला आणि तो रोग गेला. तुमच्या चित्रात ढोलाची लांबी ५० आहे. आत्ताच बदला.

पावसाळ्याचेही एक. सुती दोर दमट हवेत फुगतो आणि आखडतो, व्यास बदलतो, आणि कोल्हापूरच्या जुलैत घड्याळ आपला स्वभाव बदलते. मी आता घट्ट पिळाचा तागाचा दोर मेण लावून वापरतो. आणि फ्रेमला गंज धरू नये म्हणून लोखंड गरम करून जवसाचे तेल चढवतो. रंग देऊ नका, पाचरीच्या सांध्यात तो निघतो आणि वाईट दिसतो.

सांध्यांचा विषय निघालाच आहे तर: साल्सबरीच्या फ्रेममध्ये नट-बोल्ट नाहीत. पट्टीच्या टोकाला जीभ, दुसऱ्या पट्टीत खाच, जीभ पलीकडे निघते आणि तिच्यातून पाचर ठोकतात. सुतारकामातलाच सांधा, लोखंडात. तुम्ही आतून एम८ बोल्ट लपवले आहेत असे लिहिलेत. ते काढा अशी माझी विनंती आहे, आणि ती केवळ हौस म्हणून नाही. पाचरीची फ्रेम दोन मिनिटांत सुटते, चाक बाहेर येते, कानस मारून पुन्हा बसते. पहिल्या वर्षात तुम्ही हे पन्नास वेळा कराल. एखादा जुन्या वळणाचा लोहार मिळाला तर त्याच्याकडे तासाभर बसा. जीभ लाल असताना खाचेत बसवून बघणे आणि ग्राइंडरने मापात आणणे यात फरक आहे, आणि तो हाताला लगेच कळतो.

आता सुसाट सुटण्याबद्दल. हा दोष वेगळा आहे, पॅलेटच्या खोलीचा. व्हर्ज चाकापासून दूर असेल तर एक पॅलेट सुटल्यावर दुसरा दाताला धरायच्या आत दात निसटून जातो, आणि चाक भराभर धावत सुटते. फार जवळ असेल तर दोन्ही पॅलेट एकाच वेळी अडकतात आणि सगळे जाम. मधली जागा माझ्या अनुभवात अर्ध्या मिलिमीटरची असते, ती गणिताने सापडत नाही. म्हणून व्हर्जचे वरचे-खालचे आधार लांबट भोकात बसवा आणि पाचरीने घट्ट करा, म्हणजे केसाएवढे पुढे-मागे करता येते. दोन पॅलेटमधला कोन ९५ अंशांच्या आसपास ठेवा. ठोके कानाने ऐका. टक… टक… टक… समान हवेत. टक-टक…… टक-टक…… असे लंगडत असेल तर दोन्ही पॅलेट सारखे बसलेले नाहीत.

व्हर्जचे वजन खालच्या टोकावर टेकू देऊ नका. फोलिओट वरून दोरीने टांगलेले असते. खालचे टोक फक्त जागा दाखवायला. चारशे ग्रॅम वजने आणि दांडी मिळून सहाशेच्या वर भार होतो, तो टोकावर आला तर तुमचे सगळे पॉलिश वाया. दोरी पीळ सुटलेली हवी. फोलिओट टांगून एक रात्र तसेच सोडा, सकाळी ते जिकडे तोंड करून थांबले असेल ती त्याची निवांत जागा, आणि व्हर्ज त्या जागेला मध्यावर येईल असे बसवा.

दांडीवरच्या खाचांबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण ती माझी आवडती जागा आहे. वजने केंद्रापासून १८ सेंटिमीटरवर, खाचांमध्ये ३ मिमी अंतर. वजने बाहेर सरकवली की घड्याळ सावकाश, आत आणली की जलद. दोन्ही वजने एक खाच सरकवली तर हिशेबाने दिवसाला २४ मिनिटांचा फरक पडतो. बरोबर एक घटका! दांडीचे स्वतःचे जडत्व धरले की प्रत्यक्षात तो २० मिनिटांवर येतो. एकच वजन सरकवले तर त्याच्या निम्मा. त्याहून बारीक सुधारणा दोराच्या वजनात छर्रे टाकून करायची, सहा-सात ग्रॅमला दिवसाचा एक मिनिट. जपानी कारागिरांनी तर दिवसाचे आणि रात्रीचे तास वेगवेगळ्या लांबीचे असल्याने एकाच घड्याळात दोन फोलिओट बसवली होती, एक दिवसा चालणारे, एक रात्री.

काटे आणि तबकडी लावू की नको, याचे उत्तर साल्सबरीपुरते सरळ आहे: त्याला तबकडी नाही. ते फक्त तासाचे टोल देते. इंग्रजीतला क्लॉक हा शब्द लॅटिनमधल्या घंटेच्या शब्दावरून आला. आपल्याकडेही घड्याळ म्हणजे आधी घटका भरल्यावर वाजवायची थाळी, आणि आजही आपण 'किती वाजले' असेच विचारतो. वेळ ही ऐकायची गोष्ट होती. तेव्हा तबकडीवर खर्च करण्यापेक्षा चांगल्या काशाची घंटा घ्या. पण टोल देणारी दुसरी बाजू, म्हणजे मोजणी चाक, उचलणारा दांडा आणि वेग आवरणारा पंखा, किमान सहा महिने सुरू करू नका. बारा तासांत ७८ टोल पडतात, आणि दर तासाला मोठ्या चाकावरची खुंटी जेव्हा तो दांडा उचलते तेव्हा चालत्या बाजूचा जोर घेते. आधीची बाजू स्वतः निर्धास्त चालायला लागल्याशिवाय तिच्यावर हा बोजा टाकला तर दोष कुठला ते कधीच कळणार नाही.

आणि जोवान्नी द दोंदीचे ग्रहांचे घड्याळ पुढे करायचा तुमचा विचार आहे, तो मनात जपून ठेवा. पादुआत १३४८ ते १३६४ अशी सोळा वर्षे त्याने त्यावर घालवली. मूळ यंत्र गेले, पण त्याने लिहून ठेवलेल्या वर्णनावरून विसाव्या शतकात चालत्या प्रतिकृती झाल्या. त्या लिखाणात त्याने साधे घड्याळ कसे करावे हे विस्ताराने सांगितलेच नाही, ते ज्याला येत नाही त्याने पुढच्या कामाला हात घालू नये असा त्याचा रोख आहे. तुम्ही आत्ता करता आहात ते म्हणजे तेच साधे घड्याळ.

उद्या एवढेच करा. व्हर्ज काढून ठेवा. दोराला साडेचार किलोऐवजी ३०० ग्रॅम लावा आणि चाके सोडा. सगळे ८० दात या वजनावर स्वतःहून फिरून गेले पाहिजेत. अडेल तिथे दाताला मार्किंग ब्लू लावा, कांडी कुठे घासते ते निळ्यातल्या चकाकत्या रेघेवरून दिसेल. कानस उचलण्याआधी मोठ्या चाकाच्या आणि क्राउन व्हीलच्या आसांमधले अंतर मोजा. ते १३२ मिलिमीटर हवे. १३१.५ भरले तर आधी बुश सरकवा, मग दातांकडे वळा.